मदत हवी आहे: इटलीत अब्रुत्सोला जायचंय, १ मे धरू की सप्टेंबर?

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं इटलीला जायचं म्हणतोय. व्हेनिस-फ्लोरेन्स नको (गर्दीच बघायची तर दादर स्टेशन काय वाईट आहे), रोमला उतरून सरळ अब्रुत्सोच्या डोंगरात जायचं एवढं नक्की. इथे कुणी त्या भागात फिरलंय का?

घोडं अडलंय तारखांवर. १ मेला कोकुल्लो नावाच्या गावात सापांचा उत्सव असतो, सान दोमेनिको या संताच्या मूर्तीच्या अंगाखांद्यावर जिवंत साप घालतात आणि तशीच गावातून मिरवणूक काढतात. साप बिनविषारीच, गावातले सर्पारी लोक आधीपासून रानात फिरून पकडून ठेवतात आणि उत्सव झाला की परत नेऊन सोडतात. माझं माहेर बत्तीस शिराळ्याच्या बाजूचं, त्यामुळे मला हे बघायचंच आहे. पण नवऱ्याला चढायचंय कोर्नो ग्रांदे, २९१२ मीटर, आणि मेच्या सुरुवातीला वर चांगलाच बर्फ असतो म्हणे, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) वगैरे लागतात, आमची मजल हरिश्चंद्रगडापर्यंतची! साध्या बुटांनी जायचं तर जूनअखेर ते सप्टेंबर बरा. तेव्हा काम्पो इंपेराटोरेच्या पठारावर मेंढरंपण असतात. पूर्वी तिकडचे मेंढपाळ थंडीआधी कळप घेऊन पार पुलियाच्या मैदानात उतरायचे, लाक्विला ते फोज्जा ही त्यांची वाट २४४ किमीची, आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात तसंच. २०१९ ला युनेस्कोने या परंपरेला मान्यतापण दिलीय. हे सगळं वाचून आता मीच डळमळीत झालेय.

मेमध्येच गेलो तर खालच्या वाटा पुरतील का? रोक्का कलाशोचा किल्ला (१४६० मी, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमीच) ते सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे गाव चालत करता येतं असं दिसतंय, सासूबाई रोज पर्वती चढतात, त्यांना जमेल का? आणि पेस्कासेरोलीला नॅशनल पार्कमध्ये गाइड घेऊन फिरणं वर्थ आहे का, अस्वल दिसावं अशी अपेक्षा नाही, तिथली अस्वलं मुळात जेमतेम पन्नास-साठच उरलीत.

गाडीचं काय करायचं? कोकुल्लोला रोम-पेस्कारा लाइनवर स्टेशन आहे, सुल्मोनाला पण आहे, पण बाकी गावांना बसच्या भरवशावर राहणं अवघड दिसतंय. इंटरनॅशनल परमिट काढूच, पण उजव्या बाजूने घाटात चालवायचं म्हणजे नवरा आत्ताच टेन्शनमध्ये आहे. ऑटोमॅटिक सहज मिळते का?

आणि जेवण. तिकडची खासियत म्हणजे आरोस्तिचिनी, मेंढीच्या मटणाच्या छोट्या काड्या, आमचे दोघांचे हाल नाहीत, पण सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. सांतो स्तेफानोचा बारीक मसूर प्रसिद्ध आहे, त्याचं सूप बिनमांसाचं करून देतात का? नाहीतर किचनवालं घरच घेते भाड्याने, कुकर नेतेच आहे.

तिकिटं याच महिन्यात काढायचीत, तेव्हा जरा लवकर सांगा.