मदत हवी आहे: विंडोजवर टेन्सरफ्लोला जीपीयू दिसत नाही (लिनक्स टाका असं सांगू नका)

कृष्णाकाठची:
द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून डावणी, भुरी की करपा, कुठला रोग ते ओळखायचा प्रोजेक्ट आहे. मॉडेल टेन्सरफ्लोवर (गूगलची मशीन लर्निंगची लायब्ररी) चालतंय, पण सगळा भार सीपीयूवर. जीपीयूची (ग्राफिक्स कार्डची) यादी मागितली की रिकामा कंस येतो, एरर काहीच नाही. ड्रायव्हर आणि कुडा (कार्डावर आकडेमोड चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) दोन्ही टाकून घेतलंय. जिथं बघावं तिथं उबंटूच्या (लिनक्सच्या) कमांडी, विंडोजला एक ओळ. सांगली-मिरजेतली निम्मी पोरं विंडोजवरच शिकतात, त्यांनी जायचं कुठं? रिव्ह्यू तोंडावर आलाय. लवकर सांगा.

पेंग्विनप्रेमी:
व्हर्जन कुठलं, कार्ड कुठलं, पायथॉन कुठला? काहीच न सांगता उत्तर कसं द्यायचं? आणि उबंटू ड्युअल बूट करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कृष्णाकाठची:
शीर्षक वाचा की हो. मशीन कॉलेजचं आहे, ॲडमिनचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे. कार्ड एनव्हिडियाचं. टेन्सरफ्लो पिपनं (पायथॉनच्या इन्स्टॉलरनं) आलं तेच, नवीन.

मिरज_जंक्शन:
नवीन आहे, इथंच घोडं पेंड खातंय. विंडोजवर थेट जीपीयू चालणारं शेवटचं व्हर्जन 2.10, सप्टेंबर 2022 मधलं. 2.11 पासून विंडोजवर सीपीयूपुरतंच येतं, म्हणून तर एररही येत नाही. तुमच्या ड्रायव्हरचा दोष नाही. 2.10 टाका.

अजिंक्यतारा:
ताई, जुनं कशाला? डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) घ्या, मी साताऱ्यात त्यावरच काम करतो. फक्त फोटो डी ड्राइव्हवर ठेवून तिथून वाचू नका, फार हळू चालतं. उबंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

मिरज_जंक्शन:
त्यालाही ॲडमिन लागतो, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. त्यांनी आत्ताच सांगितलं ना?

पेंग्विनप्रेमी:
असली मुक्त सॉफ्टवेअर लोक फुकट राबून बनवतात. विंडोजसाठी वेगळी टेस्टिंग कुणी करायची? ज्यांची विंडोज आहे त्यांनी करावी.

मिरज_जंक्शन:
दोघं-तिघं नोकरी सांभाळून रात्री जागून चालवतात त्या प्रकल्पाकडं मीही हट्ट धरणार नाही. पण टेन्सरफ्लोमागं पगारी माणसं आहेत. आणि सगळीकडं टेस्टिंगचाच प्रश्न नसतो. 'एयूएक्स' हे नाव विंडोजनं डॉसच्या काळापासून राखून ठेवलंय. प्रकल्पाच्या कोडमध्ये त्या नावाची एक फाइल असली तरी विंडोजवर गिटनं तो कोड उतरवताना अडतं. एवढं तरी बघायला काय जातं? व्हीएलसी, लिबरऑफिस विंडोजवर नीट चालतातच ना!

तासगावचा_बागायतदार:
पोरी, फोटो पानाच्या कुठल्या बाजूचे घेतलेस? डावणीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते, वर नुसते पिवळट तेलकट डाग दिसतात. नुसते वरचे फोटो घेतले तर भुरीत आणि तिच्यात घोटाळा होणार. आणि छाटणीनंतर पाऊस लागला तर फवारणीला उशीर करू नये.

कृष्णाकाठची:
काका, सगळे वरच्याच बाजूचे आहेत! हे सरांनाही सांगते. मिरज_जंक्शन, पिपला 2.10 सापडतच नाही म्हणतोय.

मिरज_जंक्शन:
पायथॉन 3.11 किंवा पुढचा असणार. 2.10 ला 3.7 ते 3.10 लागतो. मिनिकोंडा (पायथॉनची वेगवेगळी व्हर्जनं सांभाळणारं) 'फक्त माझ्यासाठी' निवडून टाका, पासवर्ड लागत नाही. नवं एन्व्हायर्नमेंट पायथॉन 3.10 चं. त्यातच कोंडा-फोर्जवरून (त्याच्या पॅकेजच्या भांडारातून) कुडाटूलकिट 11.2 आणि सीयूडीएनएन (कुडाची जोड लायब्ररी) 8.1 घ्या, मग पिपनं 2.10. नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) 2 च्या खालचं ठेवा, नाहीतर इम्पोर्टलाच आपटेल.

पेंग्विनप्रेमी:
मॉडेल नव्यानं लिहायची तयारी असेल तर पायटॉर्च (टेन्सरफ्लोसारखीच दुसरी लायब्ररी) घ्या. ते आजही विंडोजवर थेट कुडा वापरतं. हे मीच सांगतोय, नोंद घ्या.

कृष्णाकाठची:
कार्ड दिसलं!! यादीत एक नाव आलं. रिव्ह्यूपर्यंत 2.10 वरच राहते, मग पायटॉर्चचं बघते. मिरज_जंक्शन, मनापासून आभार. काका, तासगावला तुमच्या बागेत खालच्या बाजूचे फोटो काढायला आलो तर चालेल का?

अजिंक्यतारा:
माझ्या घरच्या मशीनमध्ये एएमडीचं कार्ड आहे, तिथं हे चालेल का?

मिरज_जंक्शन:
कुडा एनव्हिडियापुरतंच. डायरेक्टएमएलचं (मायक्रोसॉफ्टचं, एएमडीवरही चालणारं) प्लगइन बघा, तेही 2.10 वरच बसतं. पुढचं विचारायला वेगळा धागा काढा.

तासगावचा_बागायतदार:
या की. सकाळी दव असताना या, तेव्हा बुरशी चांगली दिसते.