मदत हवी आहे: झिर्कोनियाची कॅप उंच लागतेय, पेपरवर मात्र सगळं ठीक दिसतंय

खालचीदाढ
४६ वर (खालची उजवी पहिली मोठी दाढ) झिर्कोनिया म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची कॅप दिली आहे. पेशंट म्हणतो, उंच लागतंय, त्या बाजूने जेवता येत नाही. चाव्याच्या खुणा उमटवणारा रंगीत पेपर लावून बघितलं, खुणा शेजारच्या दातांसारख्याच येतात. थोडं घासलं, तरी तक्रार तशीच. अजून किती घासायचं? पेशंट उद्या सकाळी येतोय, जरा लवकर सांगा.

प्रोस्थोपंत
कॅप सिमेंट झालीये का? दाढ रूट कॅनॉल केलेली आहे की जिवंत? पेपर किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग)? आणि दुखतं ते दात दाबताना, की दाब सोडताना? सोडताना कळ येत असेल तर चिरेचा संशय घ्या, मग घासून काही होणार नाही.

खालचीदाढ
सिमेंट झालीये. रूट कॅनॉल झालंय, त्यामुळे दुखायला नस आहेच कुठे? पेपर नेहमीचा निळा.

सिरॅमिकवाला
नेहमीचा निळा म्हणजे २०० मायक्रॉनचा असणार. तो इतका जाड की दात टेकले नाहीत तरी रंग लागतो. आणि लॅबला बोल लावण्याआधी बाईट (चाव्याचा साचा) कशी घेतली ते आठवा. सिलिकॉन सगळ्या दातांवर पसरून घेतलं की मॉडेल त्यावर तरंगतं आणि कॅप उंच येते. मटेरियल फक्त तासलेल्या दातावर घाला, बाकीचे दात एकमेकांना टेकलेले दिसले पाहिजेत.

प्रोस्थोपंत
लॅबला कुणीच बोल लावलेला नाही हो!

धीर_धरा
एवढी डोकेफोड कशाला? पंधरा दिवसांत दाढ आपोआप बसते. पेशंटला सांगा, सवय होईल.

प्रोस्थोपंत
बसते म्हणजे दात हाडाला बांधणाऱ्या लिगामेंटवर मार बसत राहतो. दात ठोकल्यावर दुखतो, कधी हलायलाही लागतो. खालचीदाढ, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. नस काढली तरी लिगामेंट शाबूत असतं आणि त्याला २० मायक्रॉनच्या आसपासचा फरकही कळतो. पेशंट उंच म्हणत असेल तर आधी त्याचं खरं धरा.

आता क्रम. कॅप सिमेंट झालीये, त्यामुळे आधी फ्लॉस घालून कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकते ती जागा) आणि प्रोबने मार्जिन (कॅपची कड) बघा. कॉन्टॅक्ट घट्ट असेल किंवा सिमेंट दाबलं गेलं नसेल तर कॅप पूर्ण खाली गेलेलीच नसते. मग वरून घासणं म्हणजे चुकीच्या जागी इलाज.

मार्जिन ठीक असेल तर ८ मायक्रॉनची शिमस्टॉक (अगदी पातळ पट्टी) घ्या. पेशंटला चावून धरायला सांगा आणि पट्टी ओढा: ४५, ४६, ४७, मग डावीकडच्या दाढा. ४६ वर अडकते आणि शेजारी निसटते, तर दात मिटतानाच कॅप उंच आहे. सगळीकडे सारखीच अडकते, तर मिटताना ठीक आहे, गडबड जबडा सरकताना आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण तुम्ही बहुतेक फक्त टकटक (दात सरळ वर-खाली मिटणं) करून घेतलीत.

खालचीदाढ
हो, टकटकच. सरकवून बघायचं तर कुठल्या बाजूला?

प्रोस्थोपंत
दोन्ही बाजूंना आणि पुढेही. दात कापसाने आणि हवेने कोरडे करा, ओल्यावर रंग धरत नाही. आधी ४० मायक्रॉनचा लाल पेपर मिलर चिमट्यात धरून डावी, उजवी, पुढे सरकवून घ्या. मग बारीक निळा पेपर, फक्त टकटक. निळ्या खुणा राखायच्या, निळं नसलेल्या जागी जो लाल ओरखडा उरतो तो काढायचा. जबडा डावीकडे नेताना ४६ च्या मागच्या बाहेरच्या कस्पच्या (दाढेवरच्या उंचवट्याच्या) आतल्या उतारावर बघा. १६ ची (समोरच्या वरच्या दाढेची) टाळूकडची कस्प तिथूनच घासत जाते. कस्पचं टोक आणि मधला खड्डा यांना हात लावू नका, नाहीतर चावाच जाईल.

गुळगुळीत झिर्कोनियावर रंग बसत नाही, म्हणून पेपरला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या. खूण मोठी म्हणून दाब जास्त, असं नसतं. मधे पांढरी आणि कडेने रंगाचं कडं, अशी खूण असेल तिथे संशय घ्या. शेवटची तपासणी भूल उतरलेली असताना, पेशंटला सरळ बसवून. आडवं असताना जबडा मागे जातो.

डिजिटल_दात
२०२० नंतरही लाल-निळा पेपर? टी-स्कॅन (चावा मोजणारं मशीन) घ्या, कुठला दात आधी लागतो ते स्क्रीनवर दिसतं.

प्रोस्थोपंत
दिसतं, पण दाब टक्क्यांत, न्यूटनमध्ये नाही. त्याचा सेन्सरच शंभरेक मायक्रॉन जाड. आणि नेमकी जागा खुणावायला शेवटी पेपर लागतोच. उद्या सकाळच्या पेशंटसाठी मशीन विकत घ्यायचं का?

डिजिटल_दात
कुठला आधी आणि कुठला मागून, हे पेपर सांगत नाही. इम्प्लांट असता तर काय केलं असतं? त्याला लिगामेंट नाही, पेशंटला कळणारही नाही.

प्रोस्थोपंत
इम्प्लांटला हलक्या चाव्यात शिमस्टॉक निसटू देतात, जोरात आवळल्यावर धरू देतात. पण इथे इम्प्लांट नाही.

साधा_माणूस
मी डॉक्टर नाही. फिलिंग केल्यापासून गार पाणी प्यायलं की कळ येते. फिलिंग उंच असणं हेच कारण असेल का?

प्रोस्थोपंत
असू शकतं, इतर कारणंही असतात. भूल असताना चावा नीट कळत नाही. परत जाऊन तपासून घ्या, इथे विचारत बसू नका.

खालचीदाढ
पेशंट आत्ताच गेला. मार्जिन, फ्लॉस ठीक. शिमस्टॉक सगळीकडे सारखीच अडकली. डावीकडे सरकवल्यावर सांगितलेल्या उतारावरच लाल ओरखडा, निळा नाही. लाल पट्टीच्या बारीक डायमंड बरने, पाणी चालू ठेवून, हलक्या हाताने काढला. तक्रार गेली. आता पॉलिशचं काय? ग्लेझ (वरचा चकचकीत थर) उडालंय, पण दिसत तर नाही.

सिरॅमिकवाला
दिसण्यासाठी नाही, समोरच्या दातासाठी करायचं. खरखरीत झिर्कोनिया वरचं इनॅमल झिजवतं. झिर्कोनियाचे रबर भरड ते बारीक क्रमाने वापरा, एकही पायरी गाळू नका. आणि पुढे आणखी घासायची वेळ आली तर लॅबला केस नंबर देऊन डिझाइन फाइलमधली जाडी विचारा. तिथे जाडी कमी निघाली तर कॅप सोडा, पेशंटला विचारून १६ ची कस्प किंचित घासा.