खात्याची चौकशी लागली आणि माणूस बदलला... तुमचे अनुभव?

बाबा पोलिसात होते. काल कपाट आवरताना त्यांची जुनी कारणे दाखवा नोटीस सापडली. घड्यांवर फाटत आलेली. आरोपीला मारल्याची तक्रार होती. खात्यांतर्गत चौकशी ३ वर्षं चालली, शेवटी निर्दोष सुटले. पण त्यांचा आवाज चढणं बंद झालं, तसं भांडणात मध्ये पडणंही. "हात लावला तर फाइल, नाही लावला तर कोण विचारतंय," म्हणायचे. वर्दीतले किंवा त्यांच्या घरचे कुणी असाल तर लिहा ना. धाकाने माणूस सुधारतो की आखडतो?

——

आखडतो! ह्यांची वेतनवाढ रोखली होती, डायरीत नोंद उशिरा केली म्हणून. आता घरच्या यादीवरसुद्धा वेळ टाकतात 😄

——

ताई, बाबांबद्दल वाईट वाटलं. पण माझ्या भावाच्या कानाखाली ज्याने वाजवली त्याची फक्त बदली झाली. बदली ही काय शिक्षा झाली? तिथेही माणसंच आहेत ना.

——

+१. निलंबनात अर्ध्या पगारावर घर कसं चालतं हेही कुणीतरी लिहा. आईने वर्षभर शिवणकाम केलंय. कुकर झाला, नंतर येते.

——

निवृत्त आहे. चौकशी अधिकारी म्हणूनही बसलोय. ज्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, तो शिक्षा घेऊनही नीट कामाला लागला. ज्याला पहिल्याच दिवशी दोषी धरलं, तो पुढे लोकांनाही तसंच धरायला लागला. आणि ३ वर्षं चौकशी लांबवणं हीच एक शिक्षा आहे, निर्दोष माणसाला.

——

काका, अगदी! कॅलिफोर्नियातल्या रिआल्टोमध्ये २०१२-१३ला पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावले, तक्रारी जवळजवळ ९० टक्क्यांनी घटल्या. वॉशिंग्टनला दोन हजारांवर पोलिसांवर तोच प्रयोग झाला, २०१७च्या निष्कर्षात म्हणण्यासारखा फरक नाही. आमच्या पथकाचं सांगते. साहेब फुटेज बघायचे तोवर सगळे लोकांशी अहो-जाहो. साहेब बदलले, बघणं थांबलं, महिन्याभरात परत "ए, इकडे ये". कॅमेरा तोच, छातीवर तिथेच.

——

ताई, तो कागद प्लास्टिकमध्ये ठेवू नका, दमट होतो. सुती कापडात गुंडाळा.

——

ठेवला कापडात 🙏 बाबांना सगळं वाचून दाखवलं. निवृत्त काकांच्या ओळींपाशी म्हणाले, "हे परत वाच."