पितळी पुंगळ्या साफ करण्यासाठी कोणता टंबलिंग मीडिया घ्यावा?

ऑस्टिनकर:
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि जवळच्या नेमबाजीच्या रेंजवर ९ मिमी पिस्तूल व .२२३ रेमिंग्टन रायफल यांचा सराव करतो. काडतुसे घरी पुन्हा भरण्याचे ठरवले असून प्रेस (दाबयंत्र), डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणि वजनकाटा जमवला आहे. रेंजवरून वेचून आणलेल्या पुंगळ्यांनी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणाऱ्या पितळी नळकांड्यांनी, एक बादलीही भरली आहे. गाडी अडली आहे ती या पुंगळ्या साफ करण्यापाशी. दुकानात टंबलिंग मीडियाचे, म्हणजे यंत्रात पुंगळ्यांबरोबर घुसळून त्या घासणाऱ्या पदार्थाचे, मक्याच्या कणसाचा भरडा, अक्रोडाच्या कवचाचा भरडा आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना असे तीन प्रकार दिसले आणि प्रत्येकाच्या पाकिटावर तोच सर्वोत्तम असल्याचा दावा होता. भरड्यासाठी थरथरणारा कोरडा टंबलर (घुसळण्याचे यंत्र) लागतो आणि पिनांसाठी पाणी भरून फिरवायचा, एवढे समजले. पण दोन्ही यंत्रे घेण्याची माझी तयारी नाही. काम गॅरेजमध्ये करणार आहे, मात्र गॅरेजचे दार थेट स्वयंपाकघरात उघडते आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. आईचे म्हणणे असे की, पितळच आहे तर चिंच लावून घासावे. या सूचनेचा कितपत विचार करावा, तेही कृपया सांगावे.

गॅरेजमिस्त्री:
पुंगळी साफ करायची ती लखलखावी म्हणून नव्हे. तिला चिकटलेली वाळू डायच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडा पाडते आणि मग तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहतो. शिवाय मळाखाली दडलेली भेग डोळ्यांना दिसत नाही. या दोन अडचणी दूर झाल्या की काम भागले, आणि तेवढे काम तिन्ही प्रकारचा मीडिया करतो. त्यामुळे निवड अन्य बाबींवर ठरते आणि तुमच्या घरात ती धुळीवर ठरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक प्रायमरमध्ये (पुंगळीच्या बुडात बसवलेली, दारू पेटवणारी टोपी) लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते. काडतूस उडाल्यावर त्यातले शिसे काजळीबरोबर पुंगळीच्या आत बसते, कोरड्या टंबलरमध्ये ते भरड्यात उतरते आणि पुंगळ्या चाळून वेगळ्या करताना धुळीबरोबर उडते. ही धूळ कपड्यांवर, बुटांवर आणि जमिनीवर बसते, आणि चार वर्षांचे मूल जमिनीवरच खेळते. लहान मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. म्हणून तुम्ही पाण्याचा टंबलर आणि स्टीलच्या पिना घ्याव्यात: त्यात मळ पाण्यात राहतो, हवेत जात नाही. ते पाणीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये, आणि चाळणी, टब, टॉवेल हे सर्व या कामापुरते वेगळे ठेवावे.

पद्धत अशी. आधी प्रायमर काढून घ्यावा. त्यासाठी पुंगळीच्या भिंतींना न लागणारी साधी डीकॅपिंग डाय (फक्त प्रायमर काढणारी) मिळते, म्हणजे मळकी पुंगळी साइझिंग डायमध्ये (पुंगळी मूळ मापाला आणणाऱ्या साच्यात) घालावी लागत नाही. मग ड्रममध्ये सुमारे ५ पौंड पिना, पुंगळ्या, त्या बुडतील इतके पाणी, भांडी घासण्याच्या द्रव साबणाची छोटी धार आणि पाव ते अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालावे. एक ते दोन तासांत प्रायमर पॉकेटचा, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळगीचा, कोपरासुद्धा स्वच्छ होतो, जे कोरड्या भरड्याला सहसा जमत नाही. यापुढे टंबलर उगीच चालू ठेवू नये, कारण पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडांच्या कडा ठोकल्यासारख्या बोथट होतात, आणि रायफलच्या पुंगळ्यांत हे लवकर जाणवते. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या वेगळ्या काढाव्यात, कारण पिनांनी मुलामा झिजतो.

कोलोरॅडोचा नेमबाज:
वरील मत मुलीच्या कारणाने मला मान्य आहे, पण कोरड्या पद्धतीला तिचे श्रेय मिळायला हवे. पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी पिना, पाणी, धुणे आणि वाळवणे हा खटाटोप मला अवाजवी वाटतो. अंगणात, घरापासून दूर वीज असेल, तोंडावर योग्य श्वसनमुखवटा असेल आणि काम संपल्यावर कपडे बदलून हात साबणाने धुण्याची शिस्त असेल, तर कोरडा टंबलर स्वस्त आहे, सोपा आहे आणि त्यातून निघालेली पुंगळी लगेच वापरता येते.

भरड्याची निवड करताना लोक नाव पाहतात आणि दाण्याचा आकार पाहत नाहीत. अक्रोडाचे कवच अधिक कठीण असल्यामुळे ते जुना, काळवंडलेला मळ लवकर कापते. मक्याचा भरडा मऊ असल्याने तो सावकाश साफ करतो, पण चकाकी अधिक चांगली देतो. मक्याचा भरडा १४/२० आणि २०/४० अशा दोन जाडींत मिळतो. पहिल्याचे दाणे साधारण ०.८५ ते १.४ मिमी असतात आणि दुसऱ्याचे ०.४२ ते ०.८५ मिमी. अमेरिकेत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या बॉक्सर प्रकारच्या पुंगळीचे फ्लॅश होल, म्हणजे प्रायमरची ज्वाला आत जाण्याचे छिद्र, जेमतेम २ मिमी व्यासाचे असते, त्यामुळे जाड भरड्याचे दोन दाणे त्यात एकत्र अडकून बसतात, आणि मग प्रत्येक पुंगळी उजेडासमोर धरून सुईने ते टोकरत बसावे लागते. बारीक भरडा मात्र सुरळीत गळून पडतो. प्रायमर न काढताच टंबल केले, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

लाल रंगाची पूड लावलेला अक्रोडाचा भरडा मी घेत नाही. ती लाल पूड आयर्न ऑक्साइडची असते आणि पुंगळ्यांबरोबर बोटेही रंगवते. साधा भरडा घेऊन त्यात अमोनिया नसलेले मोटारीचे पॉलिश झाकणभर घालावे, पुंगळ्या टाकण्यापूर्वी टंबलर थोडा वेळ नुसताच चालवून ते सर्वत्र पसरू द्यावे, आणि कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात त्या ड्रायर शीटचे तुकडे त्यात सोडावेत. बरीच धूळ ते टिपून घेतात.

धातुवेडा:
पॉलिशविषयी वर जो ‘अमोनिया नसलेले’ असा उल्लेख आला आहे, त्यावर थांबणे आवश्यक आहे. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पुंगळी ओढून घडवताना तिच्यात ताण शिल्लक राहतो, आणि अशा ताणलेल्या पितळावर अमोनियाचा परिणाम झाला की त्यात आरपार भेगा पडतात. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात अशाच प्रकारे तडकत असत. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळापर्यंत पोहोचत असे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचे कारण उलगडून दाखवले. घरातील पितळी वस्तूंचे जे द्रव पॉलिश असते, त्याच्या अनेक प्रकारांत अमोनिया असतो. ते पुंगळ्यांच्या जवळपासही आणू नये.

आता चिंच. मातोश्रींचा अंदाज रसायनदृष्ट्या चुकीचा नाही, कारण चिंचेतील टार्टरिक आम्ल डाग विरघळवते आणि सायट्रिक ॲसिडही तेच करते. फरक प्रमाणाचा आहे: सायट्रिक ॲसिड मोजून घालता येते, चिंचेचा कोळ मोजता येत नाही आणि त्याचा चोथा प्रायमर पॉकेटमध्ये राहतो. शिवाय चिंचेबरोबर मीठ घेण्याची आपली सवय येथे टाळलेली बरी, कारण ते नीट धुतले गेले नाही तर पितळाला खाते. आम्ल कोणतेही असो, अति झाले तर पृष्ठभागावरील जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. तसे दिसताच प्रमाण आणि वेळ कमी करावी.

भारतातील वाचकांसाठी एवढेच नमूद करतो की, तेथे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार मनाई आहे.

ऑस्टिनकर:
सर्वांचे आभार. पिना आणि पाणी हाच मार्ग निश्चित केला आहे. आता शंका .२२३ ची आहे. त्या पुंगळीचे तोंड इतके अरुंद आहे की पिना आत गेल्यावर बाहेर येतील का? आणि वाळवण्यासाठी ओव्हन वापरावा का?

गॅरेजमिस्त्री:
शंका योग्य आहे. सर्रास मिळणारी पिन सुमारे १ मिमी जाड आणि ६.५ मिमी लांब असते, तर .२२३ च्या मानेचा (तोंडाजवळच्या अरुंद भागाचा) आतील व्यास सुमारे ५.७ मिमी असतो. म्हणजे पिन मानेत तिरकी अडकू शकते, आणि दोन पिना शेजारी शेजारी आल्या तर फ्लॅश होलमध्येही रुततात. त्यामुळे .२२३ साठी पिनांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या लहान चकत्या घ्याव्यात. त्या अडकत नाहीत आणि ९ मिमीलाही चालतात. पिना आधीच घेतल्या असतील, तर पुंगळ्या पाण्याखालीच उलट्या करून हलवाव्यात, उरलेल्या पिना चुंबकाने उचलाव्यात आणि भरण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत विजेरीचा झोत टाकून पाहावे. आत राहिलेली पिन उडताना बंदुकीच्या नळीचे नुकसान करील.

स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. शिशाचा प्रश्न तेथेही सुटत नाही. फळे-भाज्या सुकवण्याचे एखादे जुने विजेचे यंत्र या कामाला कायमचे द्यावे, अथवा टॉवेलवर पसरून टेक्साससारख्या उन्हात वाळवावे. पाण्याचा थेंब फ्लॅश होलमध्ये उशिरापर्यंत राहतो, म्हणून पुंगळ्या आडव्या न ठेवता तोंड खाली करून उभ्या ठेवाव्यात. आणखी एक गोष्ट: पिनांनी मानेच्या आतली काजळीही निघून जाते, आणि ती बुलेट बसवताना थोडे वंगणाचे काम करत असते. अतिस्वच्छ मानेत बुलेट अडखळत बसत असेल, तर मानेच्या आत कोरड्या ग्राफाइटचा हलका हात द्यावा.

कोलोरॅडोचा नेमबाज:
बादलीत .४५ पिस्तुलाच्या रुंद पुंगळ्या मिसळल्या असतील, तर टंबलिंगपूर्वी त्या वेगळ्या काढाव्यात. ९ मिमीची पुंगळी .४५ मध्ये शिरून घट्ट बसते आणि मग दोन्ही आतून मळक्याच राहतात.