मदत हवी आहे: हेक्झेनमध्ये लेसरने आयन होतात, पण व्होल्टेज वाढवू तसा सिग्नल चढतच राहतो

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात अडकले आहे. हेक्झेनमध्ये किंचित अँथ्रासीन (तीन जोडलेल्या बेंझीन-वलयांचं संयुग) विरघळवून त्यावर एनडी-याग लेसरच्या २६६ नॅनोमीटरच्या पल्स सोडते. इलेक्ट्रोडमध्ये अंतर २ मिमी.

एका फोटॉनची ऊर्जा ४.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. वायुरूप अँथ्रासीनमधून इलेक्ट्रॉन काढायला ७.४४ लागतात. द्रवात आजूबाजूचे रेणू धन आयनाला सावरून घेतात, म्हणून साधारण एक इलेक्ट्रॉनव्होल्ट कमी पुरतो. तरी एक फोटॉन अपुराच, दोन हवेत. दिसतंही तसंच: पल्सची ऊर्जा निम्मी केली की जमणारा विद्युतभार पाव होतो. इथवर सगळं पटलं.

पण वायूच्या आयनीकरण कक्षात (वायूतले आयन व्होल्टेजने गोळा करून मोजतात त्या उपकरणात) ठरावीक व्होल्टेजनंतर सिग्नल स्थिरावतो ना? इथे ५०० वरून २००० व्होल्टवर नेलं तरी तो सरळ रेषेत चढतो. लेसर बंद असताना जवळपास शून्य, म्हणजे गळती नाही. शिवाय अँथ्रासीन न घालता नुसत्या हेक्झेनमध्येही थोडा सिग्नल येतो. तीन आठवडे रोज सेल धुतेय, रोज तीच रेषा. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
सेल ठीक आहे, रेषाही बरोबर आहे. पाण्याचा परावैद्युतांक (द्रव भारांमधली ओढ किती पट कमी करतो तो आकडा) ८०च्या आसपास, हेक्झेनचा जेमतेम १.९. म्हणून धन-ऋण भारांची ओढ पाण्यात ०.७ नॅनोमीटरपलीकडे उष्णतेपुढे टिकत नाही. हेक्झेनमध्ये ती ३० नॅनोमीटरपर्यंत टिकते. सुटलेला इलेक्ट्रॉन त्याच्या खूप आधी थांबतो आणि बहुतेक वेळा आपल्याच आयनाकडे परततो. समजा ७ नॅनोमीटरवर थांबला, तर निसटण्याची शक्यता दीड टक्क्याच्याही आत. व्होल्टेज वाढवलं की असे परतणारे काही इलेक्ट्रॉन ओढून काढले जातात. हे गणित रसायनशास्त्रज्ञ लार्स ऑनसागर यांनी १९३८ मध्ये मांडलं.

पडताळा घ्या. आडव्या अक्षावर व्होल्ट प्रति सेंटिमीटर घेऊन रेषा शून्यापर्यंत मागे न्या. रेषेच्या उताराला उभ्या अक्षावरच्या छेदाने भागा. ५.८ × १०⁻⁵ सेंटिमीटर प्रति व्होल्टच्या जवळपास यायला हवं. हा आकडा फक्त तापमान आणि परावैद्युतांकावर ठरतो, अँथ्रासीनवर नाही.

नुसत्या हेक्झेनमधल्या सिग्नलबद्दल माझा संशय बेंझीन-टोल्युइनसारख्या अशुद्धींवर आहे. हेक्झेन सिलिका जेलमधून काढा. त्यातून आरगॉन वायूही सोडा म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल, तो इलेक्ट्रॉन पकडतो.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार! जुन्याच नोंदींवरून ५.५ × १०⁻⁵ आलं. सिलिका जेल उद्या भरते. आरगॉन साधारण किती वेळ सोडायचा?