मदत हवी आहे : मंगल कार्यालयाचं गेट थेट हायवेवर

नमस्कार मंडळी. गावाजवळ राष्ट्रीय महामार्गालगत नवीन मंगल कार्यालय झालंय. कडेचं गटार मुरूम टाकून बुजवलं आणि गेट थेट रस्त्यावर काढलं, तेही वळणाच्या तोंडाशी. लग्नतिथीला गाड्या उलट्या बाजूने घुसतात. परवा माझी दुचाकी थोडक्यात वाचली. (वरात निघाली की विचारूच नका.)

2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन आणि वाहतूक) कायद्याप्रमाणे असा पोचरस्ता काढायला महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते, एवढं वाचलंय. ग्रामपंचायत म्हणते, आमची एनओसी आहे. तेवढी पुरते का? माहिती अधिकारात परवानगीपत्र आणि मंजूर नकाशा मागायचा तर अर्ज नेमका कोणाकडे करू? कुणी असं गेट हलवून घेतलंय का? कार्यालयवाले ओळखीतलेच आहेत, भांडण नकोय.