मदत हवी आहे: डायब्लो ४ मधेच तुटतो, नेट तर शंभरचं आहे

शिवारकर
डायब्लो ४ हा गेम हार्डकोअरमध्ये (कॅरेक्टर एकदा मेलं की कायमचं गेलं) खेळतोय. मधेच पडदा गोठतो आणि दहा-पंधरा सेकंदांत लॉगिनच्या पानावर फेकला जातो. लगेच परत जायला गेलं तर कनेक्ट होत नाही, दोन-तीन मिनिटांनी आपोआप सगळं सुरळीत. या आठवड्यात दोन कॅरेक्टर गेली, त्यातली दुसरी लेव्हल ५२ ची सोर्सरर. स्पीड टेस्टमध्ये १०० च्या १०० येतात, त्यामुळे नेट बदला असं कृपया सांगू नका. गेम काढून परत टाकून झालाय. कुठली सेटिंग बदलायची तेवढं सांगा, आज रात्रीच निस्तरायचंय.

पिंगळा
पीसी की कन्सोल? वायफाय की केबल? ठरावीक वेळी होतं का? तुटतं त्या क्षणी घरातल्या दुसऱ्या मोबाइलचं वायफायही जातं का? एवढं कळल्याशिवाय सेटिंग सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.
स्पीड टेस्टचा इथे उपयोग नाही. नळाला धार किती मोठी हे ती सांगते, दिवसात पाणी किती वेळा गेलं हे सांगत नाही. अशा खेळाला १ एमबीपीएससुद्धा पुरतो, पण तो अखंड लागतो.

पोर्टबदल
हा सीजीनॅटचा प्रॉब्लेम आहे. इथल्या बहुतेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पब्लिक आयपी देतात. स्टॅटिक आयपी घ्या, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून येणाऱ्या कनेक्शनला वाट द्या), किंवा तेच आपोआप करणारं यूपीएनपी चालू करा. ते जमत नसेल तर चांगला व्हीपीएन घ्या.

मुक्तांगण
एकट्याने खेळायच्या गेमला सतत नेट लागावं हेच मुळात चूक आहे. हा गेम ६ जून २०२३ ला आला तेव्हापासून त्यात ऑफलाइन मोडच नाही, कन्सोलवरही नाही. डायब्लो ३ चा पीसीवरचा पहिला दिवस, १५ मे २०१२, आठवा: पैसे भरलेले लोक 'एरर ३७' बघत बसले होते. त्याच गेमच्या कन्सोल आवृत्तीत ऑफलाइन खेळता येत होतं, म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती.
स्टीमवर घेतला असेल तर खरेदीला १४ दिवस आणि खेळायला २ तास व्हायच्या आत रिफंड मागता येतो. त्या पैशात लास्ट इपॉक घ्या. २१ फेब्रुवारी २०२४ च्या पूर्ण आवृत्तीपासून त्यात खरा ऑफलाइन मोड आहे, फक्त ऑफलाइन कॅरेक्टर नंतर ऑनलाइनमध्ये नेता येत नाही. ग्रिम डॉन तर नेटशिवायच चालतो.

शिवारकर
@मुक्तांगण, दुसरा गेम नकोय. मित्र यातच आहेत आणि दोन तास कधीच उलटून गेलेत.
@पिंगळा, पीसी. राउटर हॉलमध्ये आहे, तिथून आत लॅन केबल आणलीय. बहुतेक संध्याकाळी सात ते नऊ. मोबाइलकडे लक्ष नव्हतं.
@पोर्टबदल, कुठले पोर्ट?

पिंगळा
थांबा, पोर्टला हात लावू नका. या गेममध्ये कनेक्शन तुमच्या पीसीकडून सर्व्हरकडे जातं, बाहेरून कोणी तुमच्याकडे येत नाही. सीजीनॅटचा त्रास होतो तो जिथे खेळाडूंची मशिनं एकमेकांना थेट जोडली जातात तिथे. 'नॅट टाइप स्ट्रिक्ट' येतं ते त्यामुळे. आणि दोन-तीन मिनिटं काहीच कनेक्ट होत नाही, हे सीजीनॅटचं लक्षण नव्हे.

पोर्टबदल
सीजीनॅटचा टाइमआउट असतो. कुठलं कनेक्शन कुठल्या घराचं ही नोंद, म्हणजे मॅपिंग, उडालं की कनेक्शन तुटतं.

पिंगळा
मॅपिंग उडतं ते बराच वेळ काहीच डेटा गेला नाही तर. चालू गेममध्ये दर सेकंदाला पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, जातच असतात. आणि व्हीपीएन घेऊन काय होईल? मूळ लाइन पडली की व्हीपीएनचा बोगदाही पडतो. दूरच्या सर्व्हरकडे पॅकेट आडवळणाने जात असतील तर व्हीपीएनने पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) सुधारू शकतो. इथे पिंगची तक्रारच नाही.

शिवारकर, आज संध्याकाळी असं करा. दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एकात 'पिंग -टी १९२.१६८.१.१' (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो), दुसऱ्यात 'पिंग -टी ८.८.८.८'. गेम विंडोड मोडमध्ये ठेवून बाजूला दोन्ही चालू द्या. तुटलं की दोन्हींचे फोटो काढा. पहिली खिडकी चालू आणि दुसरी बंद, तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही बंद, तर दोष घरात. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं की 'जनरल फेल्युअर' हेही लिहा, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

चैत्रपालवी
या गेमला तासाला किती डेटा लागतो? मोबाइल हॉटस्पॉटवर दिवसाच्या २ जीबीत भागेल का?

मुक्तांगण
खेळताना लागणारा डेटा किरकोळ असतो, अशा गेमना साधारण तासाला शंभर-दीडशे एमबीच्या आत. डेटा खातात ते अपडेट, एकेक कित्येक जीबीचं.

शिवारकर
७:५२ ला तुटलं. दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी 'जनरल फेल्युअर'. साधारण ४० सेकंदांनी राउटरचे रिप्लाय सुरू झाले, ८.८.८.८ ला आणखी दीड मिनिट लागलं. आता काय?

पिंगळा
सापडलं. 'टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट गेलं, उत्तर आलं नाही. लॅन केबलवर 'जनरल फेल्युअर' म्हणजे पीसीच्या पोर्टसमोर जिवंत काही उरलंच नाही. राउटर रीस्टार्ट होतोय. ४० सेकंद तो उठायला, पुढचं दीड मिनिट ओएनटी (फायबर जोडलेला केबलवाल्याचा डबा) फायबरवर नोंद होऊन पीपीपीओई, म्हणजे नेट कंपनीकडचं लॉगिन, व्हायला. राउटरच्या स्टेटस पानावर 'अपटाइम' बघा, ७:५२ पासूनचाच दिसेल.
त्या वेळी लाइट गेली होती का?

शिवारकर
अपटाइम ११ मिनिटं. बरोबर. पण लाइट गेली नव्हती. म्हणजे पंख्याचा आवाज क्षणभर बदलतो तेवढंच, इन्व्हर्टर आहे ना. संध्याकाळी व्होल्टेज कमीच असतं इकडे, शेतीचे पंप चालू असतात. पीसीला वेगळा यूपीएस आहे.

रोहित्र
इन्व्हर्टर आहे हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर कालच उत्तर मिळालं असतं. पंख्याचा आवाज बदलतो तोच क्षण.

घरगुती इन्व्हर्टरवर, बहुधा मागच्या बाजूला, 'यूपीएस' आणि 'इको' (काहींवर 'नॉर्मल') असा स्विच असतो. यूपीएस मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, इकोमध्ये त्याहून बराच जास्त वेळ. पंखा आणि बल्ब तेवढं सहन करतात. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधल्या कपॅसिटरमध्ये मात्र १०-२० मिलिसेकंदांपुरतीच वीज साठलेली असते. ती संपली की राउटर पडला. पीसी वाचतो, कारण मधे त्याचा यूपीएस आहे.

शिवारकर
स्विच इकोवरच आहे. यूपीएसवर केला की झालं ना?

रोहित्र
तुमच्याकडे नाही, आणि हेच नीट समजून घ्या. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो, इकोमध्ये १०० ते २९० पर्यंत. संध्याकाळी पंपांमुळे व्होल्टेज १७० वर आलं की यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर जाईल, १८० च्या वर गेलं की परत येईल, पुन्हा जाईल. ऐन रात्री लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. आधी मल्टिमीटरने तीन-चार संध्याकाळी व्होल्टेज बघा. २०० च्या खाली येत नसेल तरच स्विच बदला.

सायलेन्स_झोन
इन्व्हर्टरला हात न लावता राउटरला डीसी मिनी यूपीएस लावा. पण घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचेही. तुमच्याकडे ओएनटी आणि राउटर वेगळे दोन डबे आहेत की एकच?

शिवारकर
दोन. केबलवाल्याचा छोटा डबा १२ व्होल्ट १ अँपिअर, राउटर १२ व्होल्ट १.५ अँपिअर.

सायलेन्स_झोन
मग दोन्हींना बॅकअप लागेल. एकालाच दिला तर दुसरा रीस्टार्ट होईल आणि गेम तुटायचा तुटेलच. लेबलवरची बेरीज २.५ अँपिअर, म्हणून आउटपुट ३ अँपिअरचा बघा. प्रत्यक्षात दोन्ही मिळून १०-१२ वॅट घेतील. डब्यावरच्या एमएएचच्या आकड्यावर जाऊ नका: काहीजण तीन सेलांची बेरीज करून छापतात. वॅट-अवर बघा. ३० वॅट-अवरचा असेल तर नुकसान धरून साधारण दोन तास मिळतील.

आणखी दोन गोष्टी चुकतात. एक, आउटपुट 'रेग्युलेटेड' आहे का ते विचारा. स्वस्तातल्या काहींमध्ये तीन सेल थेट जोडलेले असतात, १२.६ पासून सुरू होऊन उतरत ९-१० व्होल्टवर येतात आणि मधेच राउटर पुन्हा पडतो. दोन, यूपीएसच्या इनपुटला राउटरचाच १.५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावू नका. त्याला दोन डबे चालवून शिवाय बॅटरी चार्ज करायची असते, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा द्या.

पोर्टबदल
एवढा खटाटोप कशाला? ड्युअल-वॅन (दोन नेट जोडता येणारा) राउटर घ्या, दुसऱ्या पोर्टवर ४जी डोंगल. फायबर पडली की आपोआप ४जी.

पिंगळा
ब्राउझिंगसाठी उत्तम, गेमसाठी नाही. लाइन बदलली की पब्लिक आयपी बदलतो. सर्व्हरच्या लेखी जुनं टीसीपी कनेक्शन मेलं, नवीन आयपीवरून पुन्हा लॉगिनच करावं लागतं. आणि तुमचा ड्युअल-वॅन राउटरही त्याच इन्व्हर्टरवर असेल तर तोही रीस्टार्ट होईल.

हार्डकोअरमध्ये कॅरेक्टर का मरतं तेही सांगतो. गेम स्वतः बंद केला तर 'मी चाललो' असा निरोप सर्व्हरला जातो. राउटरची वीज गेली तर काहीच जात नाही. सर्व्हर वाट बघत राहतो आणि तेवढे सेकंद कॅरेक्टर राक्षसांमध्ये उभं असतं. 'स्क्रोल ऑफ एस्केप' बॅगेत ठेवा, हार्डकोअरमध्ये लाइन तुटली की तो आपोआप वापरला जातो. पण सर्व्हरला तुटल्याचं कळेपर्यंत थांबावं लागतंच, म्हणून त्याच्या भरवशावर गर्दीत घुसू नका. गेलेलं कॅरेक्टर कंपनी परत देत नाही, कारण लाइनचं असलं तरी.

मुक्तांगण
आणि इतकं सगळं करून सर्व्हरच बंद झाला तर? 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळता येण्यासारखा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी विकत घेतला त्यांच्याकडेही तो चालेनासा झाला. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. मनात आणलं तर होतं हो. सिमसिटी २०१३ मध्ये नेटशिवाय चालणार नाही म्हणून सांगत होते, मार्च २०१४ मध्ये ऑफलाइन मोड आला. रेडफॉलला शेवटच्या अपडेटमध्ये मे २०२४ ला मिळाला. खेळणाऱ्यांनी मागत राहिलं पाहिजे.

रोहित्र
मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे राउटर पडतोय.

मुक्तांगण
काढतो. पण ज्यांनी अजून घेतला नाही ते हा धागा वाचतील, त्यांनी खरेदीच्या पानावर 'इंटरनेट आवश्यक' ही ओळ आधी शोधावी, म्हणून इथेच लिहिलं.

शिवारकर
मिनी यूपीएस आणला, ३ अँपिअर, रेग्युलेटेड. सोबत वाय केबल, एका पोर्टवरून दोन्ही डब्यांना वीज द्यायला. रात्री पुन्हा तुटलं. या वेळी पहिली खिडकी चालू होती, फक्त ८.८.८.८ बंद. राउटरचा अपटाइम पाच तास, म्हणजे तो पडला नाही.

सायलेन्स_झोन
ओएनटीवरचे दिवे काय म्हणत होते? 'एलओएस' लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, केबलवाल्याला फोन करा. 'पॉन' (फायबर जोडणीचा दिवा) हिरवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर त्याच्याकडच्या उपकरणाची वीज किंवा पीपीपीओई. सगळेच दिवे विझून पुन्हा लागले असतील तर ओएनटीच रीस्टार्ट झाला.

शिवारकर
सगळे विझले आणि एकेक करत लागले.

सायलेन्स_झोन
मग त्याची पिन ढिली आहे. या गोल पिना बाहेरून ५.५ मिमीच्या असतात, पण आतलं छिद्र २.१ किंवा २.५ मिमी. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये सहज बसते आणि आत खुळखुळते. मोबाइल व्हायब्रेट झाला तरी संपर्क सुटतो. २.१ ची कन्व्हर्टर पिन घ्या, किंवा ओएनटीच्या मूळ अ‍ॅडॉप्टरच्या वायरचं टोक कापून जोडा. जोडण्याआधी मल्टिमीटरने मधला भाग प्लस आहे ना ते बघा. उलटं लागलं तर डबा जळेल.

पिंगळा
आणि तपासणी डंजनमध्ये करू नका. कॅरेक्टर निवडायच्या पानावर थांबा, इन्व्हर्टर चालू ठेवून मेन स्विच पाच-सहा वेळा पाडा. दोन्ही खिडक्यांत एकही ओळ चुकली नाही तरच आत जा.

शिवारकर
पिन बदलली. मेन स्विच सहा वेळा पाडला, एकही ओळ चुकली नाही. पिंगळा, सायलेन्स_झोन, रोहित्र, मनापासून आभार. नवीन सोर्सरर लेव्हल १ पासून सुरू करतोय.

चैत्रपालवी
हाच मिनी यूपीएस ९ व्होल्टच्या राउटरला चालेल का?

सायलेन्स_झोन
१२ व्होल्टच्या पोर्टवरून नाही, राउटर जळू शकतो. ९ चं वेगळं पोर्ट असलेला घ्या, आणि बरेचदा दोन्ही पोर्टांची पिन सारखीच असते, तेव्हा आधी चिठ्ठी चिकटवून ठेवा.